दीड मणाचा मिस्त्री

“अहो बाई — मशीन चालली तुमची!”

हाक ऐकून मी मागे वळले, आणि वळायलाच नको होतं. सायकलच्या सीटवर दोरीने बांधलेली शिलाई मशीन पेटीसकट डावीकडे कलली. शनवारा भागातल्या भर रस्त्यात ती आदळणार, इतक्यात दोन काळे हात आडवे आले. काळे म्हणजे ग्रीसने काळे. त्यांनी पेटी झेलली आणि तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरली.

“वाचली,” तो म्हणाला.

“तुम्ही हाक मारली नसती तर कललीच नसती,” मी म्हणाले.

आभार मानायचे सोडून मी हे बोलले. काय करणार… राग माझ्या नाकावरच असायचा.

त्याला मात्र हसू आलं. “बरोबर हाये. मंग परत तशीच ठेवून देऊ का?”

हा अनंत. शनवारा दरवाज्याजवळ उखर्डू मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं, त्यांचा मुलगा. आणि मी उषा महाजन, वय वर्षे बावीस, वाघझिरी गावच्या बायकांना शिवणकाम शिकवणारी मास्तरीण. राज्यांच्या फेररचनेत आमचं बऱ्हाणपूर नागपूरकडून भोपाळकडे गेलं त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. कचेरीचे कागद आता सगळे हिंदीतून येत, आणि नुकत्याच आलेल्या एका कागदाने माझी झोप उडवली होती. वीस एप्रिलला तपासणी. वर्गातल्या निदान बारा बायकांनी अधिकाऱ्यांसमोर एकेक झबलं स्वतः शिवून दाखवायचं. एक जरी कमी पडली तरी वर्ग बंद, मशीन परत, आणि माझी नोकरीही संपली.

नोकरी संपली की जळगाव, मामांकडे. वडील गेल्यापासून आई आणि मी दोघीच होतो. मामांनी स्पष्ट कळवलं होतं, की नोकरी आहे तोवर राहा तिकडे, सुटली की उषाला घेऊन या, स्थळ पाहून ठेवलं आहे. मुलाचं किराण्याचं मोठं दुकान होतं म्हणे, आणि बायकांनी उंबरा ओलांडलेला त्याला खपत नसे. मी त्याला पाहिलंही नव्हतं, पण एवढं ऐकणं पुरे होतं.

मशीन गावात ठेवायची नाही, रोज मास्तरणीने घरी न्यायची, असा नियम. वाघझिरी अडीच कोस. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रिकाम्या गाड्या परतताना मला मशीनसकट बसवून नेत. होळी झाली, गाड्या थांबल्या. बदली होऊन गेलेल्या एका नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल मी घेतली होती, पण तिला मागे कॅरिअरच नव्हतं. त्या दिवशी मी मशीन सीटवर बांधून सायकल ढकलत निघाले होते… अडीच कोस!

“कॅरिअर बसवून देता का?” मी विचारलं.

त्याने सायकलभोवती दोन चकरा मारल्या. मागच्या चाकावरची, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी बोटाने हलवून पाहिली.

“ही जाळी काढा लागेल. कॅरिअरच्या दोन्ही तंगड्या चाकाच्या आसावर बसतात, अन् जाळीही तिथंच बसली हाये. दोघांले जागा नाही.”

“जाळी काढली तर साडी चाकात जाईल.”

“मंग साडी—” तो बोलता बोलता थांबला. कान लालबुंद झाले. “म्हणजे… मंग जाळी राहू द्या. मी आस लांब टाकतो.”

मी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला दुसरं काय होतं माझ्याकडे?

लांब आस मिळवायला त्याला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी रोज ‘झालं का’ विचारायला जात होते. एकदा विचारून काम भागलं असतं, हे मला आज कळतं. दुकानात रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, बाहेर मोहरलेला कडुनिंब, आणि हा मान खाली घालून पट्ट्यांना भोकं पाडत बसलेला. वर पाहायचा नाही. पण मी गेले की हातोडीचा ठोका हमखास चुकायचा.

“धुरपदाबाईची शिलाई सरळ येते का आता?” एक दिवस त्याने खालीच बघत विचारलं. धुरपदाबाई म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात वयस्क बाई. केळीच्या बागेत उभा जन्म गेलेला, आणि मशीनवर बसली की हात थरथरायचे.

“तुम्हाला काय माहीत धुरपदाबाई?”

“काल तुम्हीच तर सांगत होत्या.”

मी सांगितलेलं एखादा माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत लक्षात ठेवतो, याची मला सवय नव्हती. घरी जाताना मी उगीचच लांबच्या रस्त्याने गेले.

तिसऱ्या दिवशी कॅरिअर बसलं. आता इथे त्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. कॅरिअर कुणाचंही असो, केळीचे घड वाहणाऱ्याचं असो की धूलकोटहून आलेल्या दूधवाल्याचं, बसवलं की मिस्त्री स्वतः मागे बसणार आणि गिऱ्हाइकाने सायकल चालवून दरवाज्यापर्यंत फेरी मारून आणायची. तुटायचं असेल तर मिस्त्रीच्या खाली तुटू दे, गिऱ्हाइकाच्या मालाखाली नको, असं उखर्डू मिस्त्रींचं म्हणणं. तीस वर्षांत त्यांनी ही रीत मोडली नव्हती.

अनंतने मोडली. सायकल बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन घरातला मसाल्याचा पाटा उचलून आणला. तो कॅरिअरवर बांधला आणि गदागदा हलवून पाहिला.

“एकदम पक्कं. बिलकुल फिकर नका करू.”

मला ती रीत माहीत होती, सगळ्या शनवाऱ्याला होती. मीही काही बोलले नाही. काय बोलणार होते मी… या, बसा माझ्या मागे?

दुसऱ्याच सकाळी वाघझिरीच्या अलीकडे, बैलगाडीच्या चाकोरीत सायकल उतरली, आणि माझ्या मागे काहीतरी करकरलं. कॅरिअर एका बाजूला घसरलं. मी ब्रेक दाबेपर्यंत पेटी दगडावर आपटली होती. उघडून पाहिलं तर मशीन फिरवायचा हात मुळापासून तुटलेला. तपासणीला दहा दिवस राहिले होते.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले. मग डोळे पुसले, पेटी पुन्हा सीटवर बांधली आणि सायकल ढकलत उलटी शनवाऱ्याला आले. अडीच कोस चालूनही राग तसूभर उतरला नव्हता.

“पक्कं म्हणाला होतात ना? हे घ्या तुमचं पक्कं!”

अनंतचा चेहरा पांढरा पडला. आतून उखर्डू मिस्त्री आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. खाली बसून कॅरिअरची पट्टी पाहिली, मग मुलाकडे बघून एवढंच म्हणाले, “तू मांगं बसला होता?”

“नाही, आप्पा. पाटा ठेवला होता.”

“पाटा जागचा हालते का? वझं रस्त्यानं डुलते, तवा पट्टी घसरते. बाईच्या सायकलीची नळी बारीक, तू मरदाच्या सायकलीची पट्टी लावली अन् मधात रबर कोंबलं. मांगं बसला असता त दहा पावलात समजलं असतं.” ते उठले. “काहून नाही बसला?”

अनंतने मान खाली घातली.

“बाईमाणूस म्हून?”

त्याने मशीनची पेटी उचलली, माझ्याकडे सरळ पाहिलं — पहिल्यांदाच — आणि म्हणाला, “चूक माझी हाये, बाई. उद्या दुपारी या. दहा दिवसातला एकच दिवस घेतो तुमचा.”

चूक झाली असं सरळ म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. राग होता, पण त्याला आता टेकायला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर मशीन काउंटरवर उभी. तुटलेल्या हाताच्या जागी त्याने सायकलचा जुना क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, कापून बसवला होता, आणि मुठीच्या जागी चक्क पेडल! मी फिरवून पाहिलं. आधीपेक्षा हलकं फिरत होतं. कॅरिअरलाही बारीक नळीच्या मापाची नवी पट्टी ठोकून लावली होती.

मी सायकल घ्यायला गेले तशी उखर्डू मिस्त्रींनी हात आडवा केला.

“बैस रे मांगं.”

“आप्पा, लोक—”

“लोकाच्या देखतच बसा लागते. भर दुपारी, रस्त्याच्या मधून. लपूनछपून केलं त त्याची गोष्ट होते.” मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, “चालवशील ना पोरी? दीड मण हाये तो.”

मी पदर खोचला. अनंत कॅरिअरवर बसला, तोही इतक्या कडेला की वाऱ्याने उडून जाईल. मशीन मांडीवर. मी पेडलवर जोर दिला. सायकल डगमगली, सावरली, आणि निघालो. जिलबीवाल्याचा झारा हवेतच थांबला. कापडाच्या दुकानातले लोक उठून पायरीवर आले. कुणीतरी शिट्टीही मारली, मी नजर पुढेच ठेवली.

“मिस्त्री… आहात ना मागे?”

“हाये.”

“मग बोलत का नाही?”

“बोललो त वजन वाढेल.”

मला हसू फुटलं आणि हॅण्डल वाकडं गेलं. एक शेळी थोडक्यात वाचली. समोर रस्ता होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच विचारायचा धीर झाला.

“त्या दिवशी माझ्या मागे बसायची एवढी लाज वाटली?”

मागे मांडीवरची पेटी सरकवल्याचा आवाज आला.

“लाज नव्हती, बाई. भेव होतं.”

“मी पाडेन म्हणून?”

“नाही… एकदा बसलो त मले उतरू वाटणार नाही, म्हून.”

दरवाजा आला. वळून परत यायचं होतं. मी वळलेच नाही, तशीच दरवाज्यातून पलीकडे गेले. तो मागून म्हणाला, “बाई, फेरी इथंच संपते—” मी म्हटलं, “पट्टी अजून नीट तपासायची आहे.” तो थोडा आत सरकून नीट बसला. सायकलला ते कळलं आणि मलाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई तांदूळ निवडत होती. मी दारातच उभी राहिले. तिने वर न बघता विचारलं, “कॅरिअर टिकलं का?”

“टिकलं.”

“मग पाय धू, जेवायला बस.”

त्या एका वाक्याबद्दल मी आईची जन्माची ऋणी आहे.

वीस एप्रिलला खंडव्याहून तपासणीच्या बाई आल्या. पेडलकडे बघून त्यांनी चष्मा वर केला. “यह क्या है?”

“सायकलीचं पायडल हाये जी,” वर्गातली कौतिक म्हणाली. “आम्ही हातानं सायकल चालवतो.” बायका खुदखुदल्या. अकरा झबली झाली. बारावी धुरपदाबाई. पण पेडल तिच्या रुंद, राठ हातात पुरतं मावत होतं. जुनी बारीक मूठ निसटायची, हे निसटत नव्हतं. हात थरथरला नाही! झबलं झालं, फक्त एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब.

बाईंनी ते उंच धरलं. “अम्मा, यह बाँह लंबी कैसे?”

“पोरगं वाढते ना बाई,” धुरपदाबाई शांतपणे म्हणाली. “त्याची एक बाही आधीच वाढून ठेवली.”

खंडव्याच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी कागदावर बारा लिहिले, खाली सही केली आणि म्हणाल्या, “वर्ग चालू रहेगा।”

मी तिथून थेट शनवाऱ्याला सायकल हाणली. अनंत दुकानात एकटाच होता. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं.

“मी आभार मानायला आले आहे,” मी धापा टाकत म्हणाले.

“माझे? मशीन त मीच पाडली तुमची.”

“पाडली म्हणूनच! कॅरिअर पहिल्याच दिवशी पक्कं बसलं असतं तर पेडल आलं नसतं, आणि धुरपदाबाईचं झबलं झालं नसतं. आणि…” इथे माझा सगळा तोरा संपला. “आणि या दुकानात पुन्हा यायला मला निमित्त काय उरलं असतं?”

तो उठला. मी पिशवीतून पोस्टकार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

“मामांना कळवायचंय, येत नाही म्हणून. कारण काय लिहू?”

“वर्ग चालू हाये, असं लिहा.”

“एवढंच?”

त्याने फडक्याने हात पुसले. खूप वेळ पुसले… एकेक बोट. मग कार्ड माझ्यापुढे सरकवत म्हणाला, “अन् शनवाऱ्याच्या अनंत मिस्त्रीनं मागणी घातली हाये, हेही लिहा. उत्तर काय द्यायचं, ते… ते तुमचं तुम्ही लिहा.”

मी तिथेच उभ्याने लिहिलं. माझं अक्षर कधी नव्हे इतकं वाकडं आलं.

आठ दिवसांनी मामींचं उत्तर आलं. मामा दोन दिवस घुश्शात होते, आता कुरकुरत का होईना मुहूर्त विचारताहेत, असं त्यात होतं. खाली बारीक अक्षरात मामींनी स्वतःसाठी विचारलं होतं, ‘उषे, तुझ्या कार्डावर कोपऱ्यात तो काळा डाग कसला गं?’

मी उलट टपाली लिहिलं, ‘डाग नाही, मामी. तुमच्या जावयाचा अंगठा आहे.’