शिडीची ड्यूटी

माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून धोंडीरामांचा मळा आहे. यंदा ‘मंदाकिनी’चा मेळावा तिथं भरला. मंदाकिनी हे नौदलाचं जहाज. ते मोडीत निघाल्याला जमाना झाला, पण त्यावर नोकरी केलेली म्हातारी मंडळी दरसाल बायकापोरांसह कुठंतरी जमतात. कधी कोची, कधी कारवार, कधी विशाखापट्टण. यंदा धोंडीराम हट्टालाच पेटले, की एकदा आमच्या बीडला या. मित्रांनी फोनवर यथेच्छ टर उडवली, तुझ्याकडं प्यायला तरी पाणी आहे का म्हणून. ते म्हणाले, येऊन बघा, धरण भरलंय, पलीकडचा काठ दिसत नाही.

आले सगळे. धोंडीरामांच्या पत्नी विमलबाईंनी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा केला होता. ठेच्यानं कोचीच्या पाहुण्याच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यानं ती खुशाल जुन्या आठवणींवर ढकलली.

या लोकांची एक रीत आहे. जहाज बंदराला लागलं की उतरायच्या शिडीपाशी एक माणूस कायम उभा असतो. पुढच्यानं येऊन ‘ड्यूटी मेरी’ म्हणायचं, आधीच्यानं ‘ड्यूटी तेरी’ म्हणून जागा सोडायची. ही देवाणघेवाण झाल्याशिवाय, पाऊस येवो की वादळ, उभ्या माणसानं हलायचं नाही. शिवाय नुकत्याच सुटलेल्या माणसाला लगेच परत उभं करायचं नाही. मेळाव्यातही म्हातारे ही रीत लहान पोरांच्या हौसेनं पाळत. मळ्याच्या वाटेवर, पाण्याकाठच्या बांधावर, सकाळपासून पाळीपाळीनं एकेक जण उभा होता. शेवटची पाळी यजमानाची असते. पाहुणे गेले की तो आपला आपण घरात येतो.

यंदा सत्तार नव्हता. सत्तार गेवराईचा, जहाजाच्या इंजिनखोलीतला. एका जिल्ह्याचे दोघंच, म्हणून तो आणि धोंडीराम जुळ्या भावांसारखे राहिले. निवृत्तीनंतर त्यानं गेवराईत गॅरेज टाकलं, आणि या उन्हाळ्यात तो गेला. त्याची बायको आमिनाबी मात्र आली होती. मुलगा मुजाहिद तिला सकाळी सोडून गेला, संध्याकाळी न्यायला येणार होता. दिवसभर ती परक्यांच्या तोंडून आपल्या नवऱ्याच्या गोष्टी ऐकत बसली. कारवारच्या वादळात धोंडीरामांना सारख्या उलट्या होत होत्या, तेव्हा सत्तारनं आपली पाळी संपवून यांचीही उभ्यानं काढली, कितीही सांगितलं तरी खाली गेला नाही, असं कुणीतरी सांगितलं. ती हसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, घरातबी असेच होते.

दिवस मावळताना पाहुण्यांची बस निघाली. धोंडीराम बांधावर उभे होते. बस वळणाआड गेली, हॉर्न विरला, आणि फुगवट्याचं पाणी काठाला चपचप लागत राहिलं. नेमका तसाच आवाज रात्री जहाजाच्या अंगाला येई. धोंडीरामांनी डोळे मिटले. त्यांना फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. आयुष्याचे चांगले दिवस कुठं गेले ते पक्कं कळलेल्या माणसाला वाटतं तसं.

“धोंड्या, ड्यूटी मेरी. जा, बैठ जरा.”

“ड्यूटी तेरी,” धोंडीराम म्हणाले, आणि पाय ओढत मांडवाकडं निघाले.

मांडवात आता विमलबाई आणि आमिनाबी दोघीच होत्या. विमलबाईंनी चहा ओतून कप धोंडीरामांच्या हातात दिला.

“बोलत हुता न्हवं, बांदावर कोन हाय मग?” त्यांनी सहज विचारलं.

“सत्तार हाय की.”

बोलून गेल्यावर धोंडीरामांनी वळून बांधाकडं पाहिलं. विमलबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. बाजेवर बसलेल्या आमिनाबीनं आपला भरलेला कप हळूच खाली ठेवला.

“तुमी त्येन्ला ‘ड्यूटी तेरी’ बोलले का, भाऊ?”

“बोललो, भाभी... सवयीनं तोंडातून गेलं.”

ती म्हणाली, “गुडघे गेलते त्येंचे. शेवटी नमाजबी खुर्चीवर बसून पढायचे. किती वेळ उभे ऱ्हातील ओ?”

धोंडीरामांना ते ऐकवेना. ते तसेच उठून बांधावर गेले. तिथं कुणी नव्हतं. फक्त मघाशी ते उभे होते त्या जागी डिझेलचा वास दाटला होता, ओलसर, कोंदट, इंजिनखोलीचं झाकण उघडल्यावर यायचा तसा. त्यांनी घसा खाकरला. “ड्यूटी मेरी,” ते म्हणाले.

पाण्याची चपचप थांबली. उत्तर आलं नाही.

त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तरी काही नाही... वास मात्र हलेना. मग त्यांच्या ध्यानात आलं. आत्ताच सुटलेल्या, थकलेल्या दोस्ताला हा पठ्ठ्या परत उभं करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर बस एव्हाना कुठल्या कुठं गेलेली. मेल्यावर तरी माणसाला बसायला मिळावं, ते आपण आपल्या तोंडानं काढून घेतलं. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा या विचारानं त्यांना रडू फुटलं.

“सरका, भाऊ.”

मागं आमिनाबी उभी होती. तिच्यामागं विमलबाई, हातात बॅटरी घेऊन.

“भाभी, तुमी कुटं जहाजावर होता? तुमचं ऐकल का त्यो...”

“जहाज परत यायची वाट बघत जन्म गेला माझा. ती ड्यूटी न्हवती का?”

तिनं चपला काढल्या, त्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सुनो जी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “ड्यूटी मेरी. तुम जाव.”

धोंडीरामांना काही ऐकू आलं नाही. पण तिनं मान किंचित कलती केली, हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना करतात तशी. मग त्यांच्या खांद्याला चाटून काहीतरी ऊबदार गेलं. वारा नव्हता, तरी मांडवाच्या दिशेनं वाटेकडेचा ऊस एका रेषेत सळसळत गेला. वास विरला. पाणी पुन्हा काठाला लागू लागलं.

धोंडीरामांनी केवढा तरी श्वास सोडला. “सुटला, भाभी. लई उपकार झाले. चला आता, मुजाहिद येईल.”

आमिनाबी हलली नाही.

“कसं येऊ? ड्यूटी माजी हाय.”

“आता कसली ड्यूटी... गेला त्यो.”

“न्हाई गेले.” अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाजात नव्या नवरीचा आनंद होता, आणि त्यानंच धोंडीरामांच्या अंगावर काटा आला. “चाय पीके आतूं, बोले. तू अकेली कितना खडी रहेगी, बोले...”

सोबत्याला उभं ठेवून सत्तार कधी गेला होता? तो येणार. तिला सोडवणार. मग ती त्याला सोडवायला येणार. हे संपायचं कुठं?

“भाभी,” ते कसंबसं म्हणाले, “तुमी त्याला सांगा, येऊ नको म्हनून.”

तिनं मांडवाकडं तोंड वळवलं.

विमलबाईंनी धोंडीरामांचा दंड घट्ट धरला. तिघंही बांधावरच होते. मागं मांडवात कुणी नव्हतं, आणि तिथून बशीतल्या चहाचा फुरका ऐकू आला. सावकाश, चवीनं घेतलेला. मग आणखी एक.

मग कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.