दोन लाल वायरी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्द खोटा असेल तर माझी जीभ झडो.

घुग्घुस. २०१८ ची बुद्धपौर्णिमा झाली, त्याचा दुसरा दिवस. भर दुपार.

माझा मावसभाऊ अश्वजित टीव्ही दुरुस्त करतो. त्याला गिरजाबाईने बोलावलं. ही त्याची सख्खी आत्या. तिने नवा मोठा टीव्ही घेतला होता आणि त्याला जुना डीव्हीडी प्लेयर जोडायचा होता.

कशासाठी? साक्षीसाठी.

साक्षी तिची एकुलती एक लेक. गडचिरोलीकडे दिलेली. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे! गिरजाबाई साऱ्या गावाला एकच सांगायची, पोरीने कधी तक्रारच केली नाही, मला कळलं असतं तर मी तिला परत जाऊच दिलं नसतं.

आता तिला लग्नाच्या डीव्हीडीत लेकीचा चेहरा मोठा बघायचा होता. तेवढंच.

अश्वजितने आधी साधी पिवळी वायर लावली. चित्र आलं, पण धुरकट. एवढ्या पडद्यावर साक्षीचा चेहरा नुसता डाग.

"नाक-डोये त दिसू दे, बाबू," आत्या म्हणाली.

मग त्याने पिशवीतून तीन वायरींचं कनेक्शन काढलं. लाल, हिरवी, निळी. याने चित्र स्वच्छ येतं. आवाजाच्या दोन वायरी वेगळ्या, एक पांढरी, एक लाल.

म्हणजे लाल वायरी दोन. घाईत त्याने नेमकी त्यांचीच अदलाबदल केली. पंधरा वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस, आणि चूक नवशिक्याची!

पडद्यावर सगळे हिरवे दिसायला लागले. वऱ्हाडी, भंतेजी, नवरदेव. आणि स्पीकरमधून नुसती घरघर...

आपली चूक त्याला कळली. त्याने आवाजाच्या वायरी बाजूला काढल्या, लाल वायर तिच्या जागी लावली.

सगळ्यांचे रंग परत आले.

फक्त साक्षीचा आला नाही.

ती हिरवटच. ओठ काळेनिळे. लग्नाची पांढरी साडी अंगाला चिकटलेली... आणि पदरातून पाणी ठिबकत होतं.

अश्वजितने प्रत्येक वायर दाबून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या.

पाठवणी आली. साक्षी गाडीच्या काचेतून काहीतरी बोलली. अश्वजित त्या दिवशी तिथेच उभा होता. ती "येतो मी, आई" म्हणाली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं.

पण ओठ तेवढ्यावर थांबले नाहीत. हलतच राहिले...

आवाजाच्या वायरी जोडायला त्याचा हात धजेना. गिरजाबाई स्वतः उठली. तिने दोन्ही खोचल्या.

तोंड साक्षीचं.

आवाज गिरजाबाईचा.

"चार दिवस सोस. बाईच्या जातीले सोसाच लागते. बस आली, जाय मुकाट्यानं."

अश्वजितने वळून पाहिलं. आत्याचे ओठ मिटलेले होते.

ती पडद्यापासून मागे सरली. म्हणाली, "हे म्या बसस्टॉपवर म्हटलं होतं तिले. मरायच्या तीन दिवस आंधी. पाठ दाखवून राह्यली होती मले, वळ होते. आमी दोघीच होतो तिथी, बाबू."

आणि डीव्हीडी तर त्याच्या दोन वर्षं आधीची.

पडद्यावरची साक्षी तेच पुन्हा म्हणाली. मग पुन्हा. अश्वजितने सगळ्या वायरी उपसल्या, पिशवीत कोंबल्या आणि निघाला. आत्या रडत होती, पण तो थांबला नाही. साक्षी त्याची आतेबहीण, पण पाठच्या बहिणीसारखीच होती.

आठ दिवसांनी आत्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"वायरा नेल्या त बरं केलं, बाबू. आता लय साफ दिसते."

आणि तिच्या मागून, तिच्याच आवाजात... चार दिवस सोस.

वायरी अजून अश्वजितच्या दुकानात खुंटीला लटकल्या आहेत. मी स्वतः पाहिल्या. दोन्ही लाल तिथेच आहेत. त्यांना हात लावायची माझी छाती झाली नाही.