डोळे मिटून काढलेला फोटो

तुळशीदास परब तसा भित्रा नव्हता, पण फोटोच्या उजेडासाठी पेटवायच्या फ्लॅशपावडरचं नाव काढलं की दोन पावलं मागे सरायचा. का सरू नये? मुलुंडच्या ज्या सीताराममामांकडे तो फोटोग्राफी शिकला, त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची तीन एका मुंजीत गेली. मामा तापलेल्या ट्रेमध्ये बाटलीतून थेट पावडर ओतायला गेले आणि बाटलीच हातात फुटली.

म्हणून तुळशीदासचे नियम कडक. पावडर ज्या दोन पुडींची बनते त्यांच्या पुड्या वेगवेगळ्या ठेवायच्या, आयत्या वेळी कागदावर पिसाने हलकेच मिसळायच्या. पावडर खलायची नाही, ठेचायची नाही. ट्रे गार झाल्याशिवाय दुसरी पूड टाकायची नाही. पेटवणाऱ्याने ट्रे डोक्यावर धरून मान वळवायची आणि डोळे मिटायचे. दुसऱ्या माणसाने मात्र ओलं गोणपाट हातात घेऊन टक्क बघत राहायचं, ठिणगी कुठे पडते ते. हा दुसरा माणूस म्हणजे त्याची बायको विमला. "सोळा वर्षं संसार केला आणि सोळा वर्षं गोणपाट धरलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

१९८२ उजाडेपर्यंत पावडर कोण वापरतंय हो! बॅटरीचे फ्लॅश आले होते. ट्रे माळ्यावर गेला, पिसाला कसर लागली, विमला सुटली. आणि तेवढ्यात भांडुपहून लहू स्टुडिओत आला.

लहूचं लग्न नुकतंच झालं होतं. खाडीजवळ जुनं घर, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. नवी सून आली की घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढायचा, ही त्यांच्या घरची रीत. "पन पावडरवरच काढायचा हां दादा. आई दुसरं चालवून घेनार नाय."

तुळशीदासने आढेवेढे घेतले. पण मोठा कॅमेरा बाहेर काढायची हौस त्यालाही होतीच. नव्या पुड्या आणल्या, पीस आणलं.

रविवारी दुपारी साडेतीनला दोघं पोचली. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. मधल्या खोलीत वीसेक माणसं आधीच रांगा करून उभी होती, मधोमध नवी सून कमळ. एक पोर रडत नव्हतं की कोणी हसत नव्हतं. लग्नघर आणि इतकं गप्प? विमलाने त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

लहूची आई सोनूबाई खिडक्या लावत होती.

"अहो आजी, पावडर आहे, धूर होईल. फोटो झाला की लगेच उघडा हां," तुळशीदास म्हणाला. "आणि एवढा त्रास कशाला? बॅटरीवर झकास आला असता फोटो."

"त्याला पावडरच लागते."

"कोणाला?"

सोनूबाईने शेवटची कडी सरकवली. "फोटूला," ती म्हणाली. मग जवळ आली. "ऐका. तुमी पेटवाल तवा आमी सगले डोले मिटनार. तुमी पन मिटाचे. तुमच्या बाईनं पन."

भिंतीवर आधीचे तीन फोटो होते. तिन्हींत सगळ्यांचे डोळे मिटलेले. तुळशीदासच्या धंद्यात मिटलेले डोळे म्हणजे फुकट गेलेली काचेची प्लेट. पण गिऱ्हाइकाची मर्जी. "बरं," तो म्हणाला.

मग कॅमेऱ्याशी खाटखूट करता करता त्याने विमलाला हळूच सांगितलं, "तू उघडे ठेव गं. वर सगळं लाकूड आहे, बायकांच्या अंगावर नायलॉनच्या साड्या. ठिणगी बघायला कोणीतरी हवं."

"त्या नको म्हणाल्या ना?"

"त्यांना काय कळतंय. तू बघ."

हे त्याचे शब्द. पुढे ते त्याला रोज ऐकू यायचे.

त्याने लेन्सचं झाकण काढलं. ट्रे डोक्यावर धरला, मान वळवली, डोळे घट्ट मिटले.

भस्स!

मिटलेल्या पापण्यांआडूनही सगळं पांढरं झालं. हाताला झळ लागली. डोळे उघडले तर खोलीभर धूर, आणि वरून राख पडत होती. त्याने चाचपडत झाकण लावलं.

विमला कोपऱ्यात उभी होती. गोणपाट तिच्या हातातून गळून पडलं होतं.

"कोनी उघडे ठेवले?" धुरातून सोनूबाईने विचारलं. एकेकाचं नाव घेऊन विचारलं. जो तो नाही म्हणाला. मग ती तुळशीदासकडे वळली. "तुमच्या बाईनं?"

"नाही," तो म्हणाला. "मिटले होते तिने."

रिक्षात विमलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती ते ताणून उघडे ठेवत होती.

"अगं, मीट ना जरा. चुरचुरत असतील."

"मिटले की दिसतं."

"काय दिसतं?"

"पावडर पेटली तेव्हा तुमच्या पुढ्यात उभं होतं. तुमच्यात आणि त्या माणसांत. सुनेकडे तोंड करून." तिने गालावरचं पाणी पुसलं. "मग माझ्याकडे वळलं."

डोळे दिपले असणार, दुसरं काय! सोमवारी सकाळी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, थेंब दिले. प्रखर उजेडाने असं होतं, आकार तरंगतात, दोन दिवसांत जाईल, म्हणाले. तुळशीदासचा जीव भांड्यात पडला.

"तरंगत नाही हो," घरी आल्यावर विमला म्हणाली. "नुसती पापणी लवली तर जागचं हलत नाही. जरा मिटून राहिले की एक पाऊल पुढे येतं. काल त्या खोलीएवढं लांब होतं. आता कपाटाशी आहे."

त्याही रात्री ती झोपली नाही.

मंगळवारी तुळशीदासने प्लेट धुऊन फोटो छापला. वीस माणसं, वीसही जणांचे डोळे मिटलेले. पण रांगेच्या मधोमध, कमळच्या तोंडावरून थेट पायांपर्यंत, एक सावली पडली होती. पावडरच्या आणि त्यांच्या मध्ये कोणी उभं राहिलं तरच पडेल अशी. खांदे दिसत होते. डोकं जरा एका बाजूला कललेलं, माणूस नीट निरखून बघतो तसं.

तसाच उठून तो भांडुपला गेला.

सोनूबाई ओट्यावर जाळं विणत होती. त्याला बघून तिने सुई खाली ठेवली.

"खोटं बोललो आजी. मी सांगितलं होतं तिला, उघडे ठेव म्हणून. पाया पडतो. तुम्ही म्हणाल ते करतो."

तिने मांडीवरचं जाळं बाजूला सारलं.

"आमी त्याला सून दाखवतो," ती म्हणाली. "ते बघतं आनि जातं. आपून त्याला बघाचं नाय. बघितलं, का त्याला वाटतं बोलवलं."

"मग आता?"

"आता काय. मानूस किती दिस डोले उघडे ठेवील?"

बुधवार दुपारपर्यंत विमला पलंगाच्या कडेवर बसून होती. डोळे लालभडक. तोंडावर पाणी मारत होती, मिरची चावत होती. तुळशीदास तिला बोलतं ठेवत होता. सासरच्या उखाळ्यापाखाळ्या, सीताराममामांचे किस्से, काय वाटेल ते. ती नाही तर घर नाही, स्टुडिओ नाही, आपण नाही, एवढंच त्याला कळत होतं.

"कुठवर आलंय?" त्याने विचारलं.

"पलंगाच्या पायाशी." तिने त्याचा हात धरला. "अहो, मी फार दमले हो."

आणि ती आडवी झाली. त्याने हलवलं, हाका मारल्या. तिचे डोळे मिटले होते.

तो पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. पाच मिनिटं गेली. दहा. अर्धा तास. काही झालं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. विमलाचा श्वास संथ चालला होता, तोंडावरचा ताण सुटला होता. तुळशीदासला रडू फुटलं. दोन दिवसांत जाईल, डॉक्टर म्हणाले होतेच की!

झोपेतच विमलाने कूस बदलली. भिंतीकडे सरकून तिने अर्धा पलंग मोकळा केला.

आपल्यालाच जागा करून दिली, असं वाटून तो उठला.

मोकळ्या जागेवरची गादी हळूहळू खाली दबत चालली होती.