पाडव्याची मोटार

"आणखी एकदा मारा ना, काका! जोरात!"

"जोरात काय जोरात? खांदा निखळायची पाळी आली माझी!" विश्वजितकाकांनी मोटारीच्या नाकातलं हँडल उपसलं आणि धाडकन जमिनीवर आपटलं. "नुसतं गरगर फिरतंय. आतलं दातच झिजल्यात हिचं. संपला विषय! उद्या सकाळी लॉरी येती, तवा भंगारात घालून मोकळं व्हायचं."

क्रांती काकांच्या आडवी आली.

"उद्या? पाडव्याच्या दिवशी?"

"मग कवा? पाडवा झाला की सगळ्या लॉऱ्या उसाला लागतील. मग बसा चार महिने वाट बघत!" असं म्हणून काका हात झटकत निघूनही गेले. काकांचं सगळंच काम असं, उरकाउरकीचं. दाराला कडी घालतील पण कोयंडा बघणार नाहीत!

शेडमध्ये उरली चौघं जणं. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून टेकवाडीला आलेली क्रांती, तिची धाकटी बहीण पल्लवी, त्यांच्यासोबत आलेला क्रांतीच्या वर्गातला धवल आणि काकांचा मुलगा गुंडा. आणि पाचवी ती मोटार! लांब नाकाची, लाकडी बाकांची. तिच्या कपाळावर 'चांदोबा मोटार सर्व्हिस' ही अक्षरं अजून वाचता येत होती. क्रांतीचे पणजोबा कोंडीबा ही मोटार शिराळ्याहून कराडला न्यायचे. पुढे एसटी आली, सर्व्हिस बंद पडली, पण मोटार काही कोंडीबांनी विकली नाही. दर पाडव्याला गावातल्या म्हाताऱ्या बायकांना तिच्यात बसवून माळावरच्या देवळाला न्यायचं, हा त्यांनी पाडलेला रिवाज. त्यांच्यामागे तो दादासोआबांनी, म्हणजे क्रांतीच्या आजोबांनी चालवला. यंदा उन्हाळ्यात आबा घसरून पडले, खुबा मोडला आणि तेव्हापासून ते खाटेवरच होते.

"आबांना सांगितलंय का, उद्या लॉरी येणार ते?" क्रांतीने विचारलं.

गुंडाने मान खाली घातली. "न्हाई. बाबा म्हणालं, मोटार गेल्यावरच सांगू. आदी सांगितलं तर जेवायचं न्हाईत ते."

"नंतर सांगितलं तर जेवतील होय?" क्रांती इतकी चिडली होती की तिला एका जागी उभंही राहवेना. ती मोटारीभोवती फेऱ्या मारू लागली. "गेल्या वर्षी मी बसले होते हिच्यात! एका झटक्यात सुरू झाली होती! वर्षभर हलली नाही, मग दात झिजले कसे?"

"हे मात्र खरंच विचित्र आहे," धवल म्हणाला. तो गुडघ्यावर बसून मोटारीच्या नाकातलं भोक न्याहाळत होता. त्याने हँडल उचलून आत घातलं आणि फिरवलं. गरगर! "कुठेच अडकत नाहीये हे. आतपर्यंत पोचतं तरी का?"

"दे इकडे," क्रांती म्हणाली. "आबांनाच विचारू या!"

"अगं, मग लॉरीचं कळेल त्यांना!" धवल म्हणाला.

"लॉरीचं नाव नाही काढायचं. पल्लवी, ऐकलंस ना? तोंडाला कुलूप!"

पल्लवीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. क्रांतीने हँडल त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी मुठीत धरलं, आणि लगेच सोडलं.

"हे कुणाचं गं?"

"आपल्या मोटारीचं ना, आबा?"

"छट्! आपल्या हँडलाच्या टोकाला खाच हाय, ती आतल्या खिळीला पकडती. ह्याला कुठं हाय खाच? आन् आखूडबी हाय. हे हिरीवरल्या जुन्या डिझेल इंजिनाचं!" त्यांनी आपला वाकडा अंगठा वर केला. "आपलं हँडल मी ईसरंन व्हय? त्यानंच मोडलाय ह्यो. म्हणून सांगतो, हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. वरनं आवळला आन् इंजिनानं उलटा दणका दिला, तर गेलाच म्हणून समज!" मग ते हळूच म्हणाले, "उद्या निघंल न्हवं मोटार? बनुबाई कवाधरनं ईचारतीया. नवं लुगडं नेसून बसायची म्हणती."

क्रांतीने पटकन हँडल उचललं आणि चौघंही दाराकडे सटकली. पल्लवीचे हात अजून तोंडावरच होते!

बाहेर येताच सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे हँडल बदललंय!"

"पण कुणी बदललं?"

"थांबा, थांबा!" धवल म्हणाला. "ते शेडमधून बाहेर निघतं तरी कधी?"

"निघत न्हाईच. खिळ्यालाच आसतंय," गुंडा डोकं खाजवत म्हणाला आणि एकदम ओरडला, "खंडे नवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवाम्होरं मांडत्यात! विळं, कोयतं, पणजोबांची तलवार. मोटारीचं हँडल आन् इंजिनाचं हँडल दोन्ही शेजारीशेजारी हुती. झेंडूचं हार घातलं हुतं त्येंना!"

"आणि पूजा झाल्यावर उचलून जागच्या जागी कुणी ठेवली?" क्रांतीने विचारलं.

गुंडाचा चेहरा पडला. "बाबांनी."

आबा चालते-फिरते असते तर हँडलाला दुसऱ्या कुणाचा हात लागला असता का? मग मोटारीचं हँडल विहिरीवर गेलं असणार! चौघंही धावत तिकडे गेली. इंजिनाच्या खोपटात आता विजेची मोटर होती. जुनं इंजिन कोपऱ्यात गंजत पडलेलं. मुलांनी पोती उलटली, पाइप हलवले, कोळ्याची जाळी तोंडावर घेतली. पण हँडल काही सापडलं नाही!

परत येताना गोठ्याजवळ काका भेटले. क्रांतीला धीर धरवेना. "काका, विहिरीवरचं हँडल कुठं आहे?"

"कसलं हँडल? मला काय ठावं! आन् परत मोटारीचं नाव काढलंस तर बघ! ती जायाची म्हंजी जायाची. शेड मला ट्रॅक्टरला पायजे!"

काका तरातरा निघून गेले. ऊन कलत चाललं होतं. धवलची चुळबुळ सुरू झाली. "आम्ही जैन ना, मला दिवस मावळायच्या आत जेवावं लागतं. निघताना आजीला शब्द दिलाय मी."

"आन् हितं मोटार चालली भंगारात!" गुंडा करवादला.

"मी जातो म्हणालो का? फक्त सांगितलं!"

"भांडू नका रे!" क्रांती दोघांवरही खेकसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते कुणी पाहिलेलं तिला चालणार नव्हतं.

तेवढ्यात पल्लवीने तोंडावरचे हात एकदाचे काढले. "ताई, म्हशीच्या खुंटीची पण पूजा करतात का गं?"

"काय?"

"ते बघ ना! फुलं बांधलीत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मैना म्हैस मान हलवत उभी होती. तिचं दावं जमिनीत ठोकलेल्या एका वाकड्या लोखंडाला बांधलेलं होतं आणि त्या लोखंडाला दोऱ्यात अडकलेली झेंडूची दोन वाळकी फुलं लोंबत होती!

"अगं बाई!" क्रांती किंचाळली. "आबांचं हँडल! म्हशीची मेख केली!"

"बाबा पण कमाल करत्यात!" गुंडाने कपाळावर हात मारला. "पर मैना परक्याला शिंगावर घेती. आन् बाबा सोडू द्यायचं न्हाईत."

क्रांतीने डोळे पुसले. आता तिच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती. ती सरळ ओसरीवर गेली. "काका, उद्या पाडव्याला मैनेची मिरवणूक ना? आम्ही तिला ओढ्यावर धुऊन आणतो. शिंगं पण रंगवतो!"

म्हैस धुणं म्हणजे काकांना शिक्षाच! ते खूश झाले. "न्या, न्या! लय गुणाची पोरं! शिंगं निळी करा!"

गुंडाने मैनेला चुचकारून दावं सोडलं आणि तिला ओढ्याकडे नेलं. पल्लवी रंगाचा डबा घेऊन मागोमाग पळाली. मग क्रांती आणि धवलने मेख धरून हलवली, ओढली, पुन्हा हलवली. एकदम निघाली आणि दोघंही शेणात आडवी! शेण खरवडलं तर टोकाला खाच! त्या जागी धवलने इंजिनाचं हँडल घट्ट ठोकलं. "घ्या काका, तुमची वस्तू तुम्हाला परत!" तो पुटपुटला आणि हात धुऊन जेवायला जो पळाला, तो सूर्य डोंगराला टेकायच्या आत पानावर हजर!

पाडव्याच्या सकाळी लॉरी दारात आली. काकांनी शेडचं दार उघडलं आणि बघतात तर काय, मोटारीच्या नाकाशी क्रांती उभी! गुंडाने ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली होती.

"ए पोरी, बाजूला हो!"

"एकच झटका, काका! नाही झाली सुरू तर मी स्वतः लॉरीत चढवायला मदत करते!"

लॉरीवाला हसला. "मारू द्या की वो. सणाचा दिस हाय."

क्रांतीने अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हँडल आत सरकवलं. खट्! पकडलं! तिने सगळा जोर लावून वर ओढलं. फुस्स! काका हसले. तिने पुन्हा ओढलं. हँडलाने उलटा दणका दिला. हात सटकला, पण अंगठा शाबूत राहिला! तिसऱ्यांदा ती दात-ओठ खाऊन ओढणार, तोच घरातून आबांचा आवाज आला. "सावकाश वर आण, आन् मग झटका दे!"

आबांना ऐकू गेलं होतं तर! क्रांतीने तसंच केलं. फट् फट् फटर्र! निळा धूर निघाला, लाकडी बाकं थरथरली, पत्र्यावरच्या कोंबड्या उडाल्या. पल्लवी टाळ्या पिटत नाचू लागली!

काकांचं तोंड उघडंच राहिलं. गुंडाने त्यांना गोठ्याकडे बोट दाखवून सगळी हकीकत सांगितली. काकांनी मेखेकडे पाहिलं, मग मोटारीकडे, आणि मुंडासं काढून डोकं खाजवलं. "माझ्याच हातनं झालं हे. इंजिनाचं समजून मोटारीचंच हँडल ठोकलं मी," ते म्हणाले. "आन् मी हिला भंगारात काढाय निघालो हुतो. चुकलंच माझं."

लॉरी रिकामीच राहिली. लॉरीवाल्याने आणि काकांनी आबांना खुर्चीत घालून उचलून आणलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. चाक काकांच्या हाती आणि हुकूम आबांचा! "क्लच दाब रं, क्लच! म्हशीगत काय वडतोयस!" मागे बनुबाई नव्या लुगड्यात ऐटीत बसली होती. "पोरांनी पाडवा राखला गं बाई!" असं म्हणत तिने चौघांच्याही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

देवळापाशी मोटार थांबल्यावर आबांनी हँडल मागून घेतलं. त्याला लागलेलं शेण धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ते क्रांतीच्या हातात दिलं.

"पुढच्या खंडे नवमीला ह्याला हार तू घालायचा," ते म्हणाले. "आन् पूजा झाल्यावर खिळ्याला अडकवायचंबी तूच. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

"मीबी न्हाई?" काकांनी विचारलं.

"तू तर न्हाईच न्हाई!" आबा गरजले आणि सगळी मोटार हसू लागली.