काठीवरचं पिवळं कापड

"वैनी, काठीला हे काय बांधलंस तू?"

आबाजीने वर्तमानपत्र चुलीपुढे टाकलं तेव्हा आनंदीबाई तांदळाची भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो बघायला अक्षरओळख लागत नाही. गावदेवीची उंच काठी, काठीला घरोघरची बांधलेली कापडं, त्यातलं सगळ्यात वरचं वाऱ्याने उलगडलेलं, त्याच्यावर भाताची लोंबी... आणि काठीखाली डोळे मिटून, हात जोडून उभा असलेला तिचा दीर. किती गोजिरा दिसत होता मेला! कर्जतच्या पंचायत समितीचा सभापती झाल्यावर त्याची ही पहिलीच माघातली जत्रा होती.

"चांगला आलाय की फोटो," ती म्हणाली.

"चांगला?" आबाजीचा आवाज चढला. "खाली काय छापलंय ठाऊक आहे? 'सभापतींचा फुटीर झेंड्याला नमस्कार'. वेगळं कोकण मागणाऱ्यांचा झेंडा आहे तो. गेल्या महिन्यात त्या पोरांनी एस्ट्या फोडल्या, पोलिसांची डोकी फोडली, आणि मी त्यांच्याच झेंड्याखाली हात जोडून उभा! तिकडे अलिबागला आमच्या पक्षाचे बापूसाहेब पेटलेत नुसते. पुढच्या वर्षी विधानसभेचं तिकीट माझं होतं, वैनी. हातातोंडाशी आलेलं होतं."

"देवीच्या काठीखाली समदेच हात जोडतात. तू नसतेस जोडलेस तर मी कान पिळला असता."

"पण ते कापड पेटीतून काढलंस कशाला? मला वाटलं, ते कधीच कुठे गेलं असेल."

आनंदीबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. दारात उभी असलेली शकू, आबाजीची बायको, कधी नवऱ्याकडे तर कधी जावेकडे बघत होती.

कापड काढण्याचं कारण होतं, आणि ते आनंदीबाईशिवाय या घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्या गावची रीत अशी, की माघाच्या जत्रेला प्रत्येक घराने आपल्या कर्त्या पुरुषाचं एक वस्त्र देवीच्या काठीला बांधायचं. ती काठी खांद्यावर घेऊन गावभर नाचवतात, जत्रा संपली की वस्त्र घरी परत आणतात, आणि वर्षभर त्या घरावर कर्त्याची सावली राहते असं म्हणतात. आनंदीबाईचा नवरा हिरू जाऊन बावीस वर्षं होऊन गेली होती, तरी तिच्या लेखी या घराचा कर्ता अजून तोच! इतकी वर्षं ती त्याचं उपरणं बांधत आली. ते यंदा हातात घेतलं आणि जागच्या जागी विरलं. मग उरलं काय? पेटीच्या तळाशी ठेवलेलं एक पिवळं कापड. आबाजीला तो झेंडा वाटत होता. आनंदीबाईला मात्र ते हिरूचं मुंडासं होतं... लग्नात मामाने त्याच्या डोक्याला बांधलेलं, आणि ज्या दिवशी भाताचं आवण काढताना त्याला विषारी फुरसं चावलं त्या दिवशी बांधावर काढून ठेवलेलं.

हिरू गेला तेव्हा आबाजी जेमतेम दहा वर्षांचा, सासू-सासरे आधीच देवाघरी गेलेले. आनंदीचा बाप खालापूरहून बैलगाडी घेऊन आला. पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, स्थळ बघून ठेवलंय, चल म्हणाला. त्या बापाचंही काही चुकत नव्हतं, विशीसुद्धा न ओलांडलेली पोर ती! पण आबाजी तिच्या लुगड्याला धरून उभा होता, आणि त्याने ते सोडलं नाही. तिने गाडी रिकामी परत पाठवली. पुढे शेत कसायचं, बैल जुंपायचे, पोराची शाळा चालू ठेवायची, हे सगळं तिने एकटीने केलं आणि त्याबद्दल कुणापाशी कधी तोंड उघडलं नाही.

आबाजी सतरा वर्षांचा झाला तेव्हा सगळीकडे संयुक्त महाराष्ट्राची हवा होती. हे पोर मात्र पनवेलच्या वसतिगृहातून डोक्यात भलतंच घेऊन आलं. म्हणे, कोकणाला कोणी वाली नाही, आपलं राज्य वेगळं हवं. "वैनी, मला झेंडा दे शिवून, पिवळा, आणि वर हिरवी लोंबी." कोळशाने जमिनीवर त्याने लोंबी काढूनही दाखवली. घरात धड पटकूर नव्हतं. तिने पेटी उघडली, मुंडासं काढलं, कात्री घेतली... आणि कात्री चालवायला हात धजेना. तिने ते कापलंच नाही! घडीवर घडी घालून चारी बाजूंनी कच्चे टाके मारले, एक दोरा ओढला की पुन्हा मुंडासं व्हावं असे. लोंबी मात्र आपल्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याच्या पदरातून काढली आणि ती वरच्या घडीवर पक्की शिवली, कारण ती आबाजीने काढलेली होती. कापड कुठून आणलंस, एवढंही त्या पोराने विचारलं नाही. दोन वर्षांत त्याचं वेड ओसरलं, तो मोठ्या पक्षात गेला, आणि झेंडा पुन्हा पेटीत आला. लोंबी मात्र त्याच्या जुन्या सोबत्यांनी उचलली, आणि आता ती कुठल्या कुठे भिंतींवर रंगवलेली दिसू लागली होती.

आठ दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात सभापतींचा खुलासा आला. शकूने तो वाचून दाखवला आणि मध्येच अडखळली.

"वाच की गं," आनंदीबाई म्हणाली.

"'सदर झेंडा आमच्या घरातील एका अशिक्षित व...'" शकूचे डोळे भरून आले. "'...व अर्धवट स्त्रीने बांधला. माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.'"

अशिक्षित म्हटल्याचं आनंदीबाईला काही वाटलं नाही, ते खरंच होतं. पण अर्धवट? ज्याचं नाक पुसलं, ज्याच्या तापात रात्रंदिवस उशाशी बसून काढले, त्याने चारचौघांत अर्धवट म्हणावं... तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. ती उठली, नदीवरून तीन दगड आणले, पडवीत मांडले आणि त्यांच्यावर आपलं मडकं चढवलं.

आबाजी घरी आला तो पडवीतला धूर बघून चपापला. "हे काय गं वैनी?"

"वेगळं मागणारी बाई ना मी? मग झाले वेगळी. येवढ्या पडवीपुरतं माझं राज्य. खुलासा कर आता याचापण."

गावात चर्चेला नुसता ऊत आला. पाणवठ्यावर बायका तिला बघून कुजबुजायच्या. ती हंडा डोक्यावर घेऊन मुद्दाम त्यांच्या मधूनच जायची, मान ताठ. शकू चोरून कालवण आणून द्यायची, तेवढं मात्र ती घेई. शकूशी तिचं भांडण नव्हतं.

शिमगा जवळ आला तसा आबाजी एका सकाळी पडवीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला झालं नाही.

"बापूसाहेब होळीला येतायत," तो खाली बघत म्हणाला. "फोटोवालाही असेल. त्यांचं म्हणणं, सगळ्यांसमोर तू तो झेंडा होळीत टाकायचास आणि चुकले म्हणायचंस. एवढं झालं की तिकीट पक्कं. वैनी, आजवर तू मला नाही म्हटलेलं नाहीस."

"आज म्हणते. मी टाकणार नाय, आनि चुकले म्हणणार नाय."

"वैनी..."

"ऐक. तुला जाळायचा तर जाळ. तुझ्या हातानं." ती आत गेली, पेटी उघडली आणि पिवळं कापड आणून त्याच्या हातात ठेवलं. "घे. तू मागितलास म्हणून शिवला व्हता, आता मागतोस म्हणून देते. पण माझ्या तोंडून त्याला वंगाळ म्हणवून घेऊ नको."

हे मुंडासं आहे, एवढे तीन शब्द तिच्या ओठांवर आले होते. बोलली असती तर तो तिथेच पायांवर कोसळला असता. पण पायांवर पडलेला माणूस स्वतःच्या मनाने काही ठरवत नसतो, एवढं त्या अर्धवट बाईला कळत होतं. आणि उपकार मोजून दाखवायचे म्हणजे बावीस वर्षांची माया बाजारात नेऊन बसवायची! तिने ओठ घट्ट मिटले. कापड घेऊन जाणाऱ्या आबाजीच्या पाठीकडे ती बघत राहिली, आणि तो दिसेनासा झाल्यावर पेटीला टेकून पोटभर रडली.

होळीच्या दिवशी तिन्हीसांजेला सगळा गाव माळावर लोटला. पलीकडे कोंडाण्याच्या लेण्यांचा डोंगर काळवंडत चालला होता. म्हाताऱ्या धाकलूने, ज्याच्याकडे होळी पेटवण्याचा मान, चूड लावली, ढोल वाजू लागले, बायकांनी नारळ वाढवले, पोळीचा नैवेद्य दाखवला. बापूसाहेब जीपमधून उतरले, खादीच्या शुभ्र कपड्यांत, कपाळाला आठ्या. माणूस वाईट नव्हता. वर उत्तर त्यांनाही द्यायचं होतं.

"आनंदीबाई, दोनच शब्द बोला," ते समजुतीने म्हणाले. "अजाणतेपणी चूक झाली म्हणा. विषय मिटला."

आनंदीबाई पुढे आली. ढोल थांबले.

"काठीला कापड मी बांधलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माळाच्या टोकापर्यंत गेला. "अजाणता नाय, चांगली पहाटे उठून, अंघोळ करून बांधलं. माझ्या घरचं व्हतं, रीतीनं बांधलं. पुढल्या सालीपन बांधीन. मला कोनी येडी म्हना, अर्धवट म्हना. मी चुकले नाय."

बापूसाहेबांनी आबाजीकडे पाहिलं. "सभापती, मग तुम्हीच टाका आता."

आबाजी होळीजवळ गेला. कापड त्याने मुठीत इतकं आवळलं होतं की ते टाकायला हात उचलताना एक जुना टाका तुटला. मागोमाग दुसरा... दोरा सरकत गेला आणि कापडाची एक घडी उलगडून त्याच्या पायांवर लोंबली. त्याने ती सावरायला धरली, तर दुसरी सुटली. होळीच्या उजेडात त्या पिवळ्यावर काळ्या दोऱ्याचं एक वेडंवाकडं रफू दिसलं, बोटभर लांब.

तो थबकला. ते रफू त्याच्या ओळखीचं होतं! पावसाळ्यात उल्हास नदी भरून वाहायची तेव्हा दादा त्याला मुंडाशाने पाठीशी बांधून पलीकडे शाळेत पोचवायचा. एकदा पाण्यात वाहून आलेल्या काट्यात ते अडकून फाटलं. घरात पिवळा दोरा नव्हता. वैनी चुलीपाशी बसून काळ्याने शिवत होती, आणि सुईत दोरा ओवून दिला होता तो त्यानेच.

"वैनी..." सभापतींचा आवाज पार फाटला. "हे दादाचं मुंडासं हाय?"

आनंदीबाईने होकारार्थी मान हलवली.

"मग तू मला सांगितलं का नाय गं?"

"तू इचारलंस कवा?"

बस, एवढंच ती बोलली. पण आबाजीला त्या क्षणी आपली सगळी वर्षं एकदम दिसली. ती रिकामी परत गेलेली बैलगाडी, ती कात्री न लागलेली माया, आणि स्वतःच्या सहीने छापून आणलेला तो शब्द. डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. त्याने डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात घातली आणि मुंडासं डोक्याला गुंडाळू लागला. आयुष्यात कधी बांधलं नव्हतं, ते कानावरच घसरलं.

"असं नाय बांधत रं," आनंदीबाई पुढे झाली. "बस खाली."

कर्जत तालुक्याचा सभापती सगळ्या गावादेखत धुळीत बसला. तिने पीळ देत देत, कधीकाळी दाराआडून बघितलेलं तसं, मुंडासं बांधलं. शेवटचा वेढा आला आणि पक्की शिवलेली ती हिरवी लोंबी नेमकी त्याच्या कपाळावर बसली.

बापूसाहेब जवळ आले. "आबाजी, याचा अर्थ कळतोय ना? तिकीट जाईल."

"जाऊ द्या, साहेब," आबाजी उठून उभा राहिला. "सतराव्या वर्षी हा झेंडा मी मागितला, लोंबी मी काढून दिली. वैनीनं फक्त शिवला. मला आज वेगळं राज्य नको, ते मी कुठंपन येऊन सांगेन. पन माझ्या भावाचं मुंडासं जाळून नाय सांगनार." मग तो फोटोवाल्याकडे वळला. "काढ फोटो. आनि या खेपेला खाली काय लिवायचं ते मी सांगतो. लिव, अर्धवट व्हता तो सभापती."

धाकलूने ढोलावर थाप मारली.

तिकिटाचं व्हायचं तेच झालं, ते खोपोलीकडच्या कोणा दुसऱ्याला गेलं. आबाजी चार दिवस उदास होता, पाचव्या दिवशी आवाज करत जेवू लागला. शकूने शिमग्याच्या दुसऱ्याच सकाळी पडवीतले तीन दगड उचलले आणि ती ते नदीत टाकायला निघाली. आनंदीबाईने तिला आतूनच हाक मारली.

"शकू, लांब टाकू नको गं ते. गोठ्यामागंच ठेव, हाताशी असलेले बरे."