कॅलेंडरमागची पाटी

तोंडाकडं बघणारे सोनमनं पुष्कळ पाहिले होते. हा पायांकडं बघत होता.

१९९८ चा मार्च. शाहूपुरीच्या टोकाला असलेल्या मसाल्याच्या कारखान्यात नवा हजेरी कारकून आला होता. गेटातून धावत शिरताना सोनम त्याच्या टेबलावर आदळली, पेन घरंगळत तिच्या चपलेपाशी आलं. ते उचलायला तो वाकला आणि उठायच्या आधी क्षणभर थांबला.

"पाय सुजल्यात तुमचे."

"तुमाला काय करायचंय?"

"न्हाय... म्हणजे... दोन मिनटं उशीर झालाय. आठच लिवतो."

फुकटची मेहरबानी! सोनमला तिथंच शंका आली.

शंकेला कारण होतं. पॅकिंगच्या बावीस बायका दिवसभर उभ्यानं पुड्या भरायच्या. बसलं की हात मंदावतो, असं मॅनेजर हंबीररावांचं म्हणणं. दिवाळीच्या आधी धोंडुबाईनं रिकाम्या डब्यावर जरा बूड टेकलं; ते कुणीतरी वर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला गेटावरूनच परत पाठवलं. सांगणारं कोण, ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून बायका एकमेकींकडंही तिरकं बघायच्या.

आणि आता हा. नाव संघर्ष. दिवसातून चारदा पॅकिंगच्या दारात यायचा, सोनमकडं बघायचा, मग वहीत तोंड खुपसायचा. सकाळी गेटावरच्या जोतिबाच्या कॅलेंडरापुढं पाठमोरा उभा राहून त्याच वहीत काहीतरी खरडायचा.

"नजर हाय त्येची तुझ्यावर," शेजारची बनाबाई कुजबुजली. "कसली, ते तूच ठरव."

"हंबीररावांचा कान हाय त्यो."

"कान आसंल. पर डोळं बरं हायती की!"

सोनम शिंकली. मिरचीच्या धुरळ्यात लाजणं आणि शिंकणं सारखंच दिसतं, हे एक बरं होतं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला नळापाशी गाठलं.

"नाव संघर्ष, आन् काम चुगल्या लिवायचं? वही दावा."

त्याचे कान लाल झाले. पण त्यानं वही दिली.

वहीत चुगली नव्हती. रोजची तारीख, खाली चार-पाच ओळी. एका ओळीखाली रेघ होती – उभं राहून काम करावं लागणाऱ्या कामगारांना, विसावा मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय केली पाहिजे.

"ह्यो कुठला कायदा?"

"कारखान्यांचा. त्येची पाटी गेटावर लावायलाच लागती, म्हणून लावलीया. आन् वर कॅलेंडर टांगलंय. देवाला कोण हलवतंय? मी तारीख बघायच्या निमित्तानं उचलतो, चार ओळी उतरवतो."

"मग दारात येऊन मला का बघताय?"

"ते..." तो नळ बंद करत राहिला. नळ बंदच होता. "ते कायद्यात न्हाय."

सोनमला हसू येत होतं, म्हणून ती जास्तच कडक झाली. "मी अर्ज करायचा, आन् तुमी माझं नाव वर सांगायचं. आसंच ना?"

"मग तुमी माझं सांगा. दोघंबी घरी."

तिनं शब्दावर विश्वास ठेवला नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं कॅलेंडर उचललं आणि पाटी स्वतः वाचली. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या आठवड्यात अर्ज गेला. बावीस जणींच्या सह्या आणि अंगठे, पहिली सही तिची.

हंबीररावांनी तिला एकटीलाच बोलावलं. दारात संघर्ष हजेरीपट घेऊन उभा होता.

"हे तुझं डोकं न्हाय," हंबीरराव गोड आवाजात म्हणाले. "कुणी शिकवलं, तेवढं नाव सांग. उद्यापास्नं लेबलाला बस. खुर्चीवर. न्हायतर... धोंडुबाईचं ठावं हाय न्हवं?"

एक नाव, आणि खुर्ची. संघर्षनं तिच्याकडं बघितलं नाही. पहिल्यांदाच.

"पाटीनं शिकवलं, सायेब. तुमच्याच गेटावरच्या. चला, दावते."

ती चालू लागली. पॅकिंगच्या बायका मागोमाग निघाल्या. सोनमनं जोतिबाला हात जोडले, कॅलेंडर अलगद काढून शेजारच्या खिळ्याला अडकवलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली.

"अर्जाची एक प्रत कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत रजिस्टर टपालानं गेलीया," ती शेवटी म्हणाली.

हंबीररावांनी ती ओळ स्वतः वाचली. मग कॅबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. दहाव्या दिवशी अकरा बाकं आली.

त्या दुपारी संघर्ष दारात आला. हातात वही नव्हती.

"आज काय लिवायचं न्हाय?" सोनमनं विचारलं.

"पाटी संपली."

"मग का आलाय?"

सोनमच्या बाकावरून बनाबाई उठली, कुणी न विचारताच म्हणाली, "मला पाणी प्यायचंय," आणि निघून गेली. सोनमनं त्याच्या पायांकडं पाहिलं. गेटावरच्या त्या टेबलाला खुर्ची नव्हती. हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"बसा की."

तो बसला. बाकाच्या पार त्या टोकाला, अंग चोरून.

"पावणं," सोनम समोर बघत म्हणाली, "एवढ्या लांब बसायचं कुठल्या कायद्यात हाय?"