मधला सैल पेड

"अहो, दोर! दोर!"

तोवर ती तीन ताणलेल्या पेडांत अडकली होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर वळायचं काम चाललेलं, आणि ही आपल्याच तंद्रीत.

"डोळे कुठे ठेवलेत?" दोरवाला धावत आला.

"ताऱ्यात," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

चाक फिरवणारी त्याची आत्या खो खो हसली. "घ्या! समोरचं दिसेना, आणि म्हणे ताऱ्यात!"

इकडे पेडांत अडकलेल्या तिच्या बाहीच्या बटणात काथ्या गुंतला होता. तो सोडवताना दोरवाला कानापर्यंत लाल झाला.

"काय हरवलंय तिथे?"

"जोर. ताऱ्याच्या चुंबकी रेषा तुमच्या या पेडांसारख्या ताणलेल्या असतात. खालून हिसका बसला की त्यांच्यावरून लाट वर धावते. वर जाता जाता तिचा जोर संपतो, आणि तिथलं वातावरण मात्र भयंकर तापलेलं! कसं, ते चार वर्षं शोधतेय. शनिवारी माझ्या मार्गदर्शक सरांना पटलं नाही, तर संशोधनाचा विषय बंद."

"मग?"

"मग काय… मी सोडणार नाही."

ते 'सोडणार नाही' त्याला फार आवडलं.

"गणितात रेषा कशा धरल्यात?"

"सगळ्या सारख्या ताणाच्या. सोपं पडतं."

"सारख्या? अहो, इथे तीन पेड सारखे करता करता आमची दुपार होते!"

त्याने तिन्ही पेड एकदम झटकले. लाटा बरोबरीने टोकापर्यंत गेल्या. मग मधल्याच्या टोकाला ताणासाठी टांगलेलं वजन उतरवून त्याने तो सैल केला, पुन्हा झटकले. मधली लाट मागे पडली. शेजारची वर, तर ही खाली… पेड एकमेकांवर घासले, तूस उडालं, आणि अर्ध्या वाटेतच सगळं शांत.

"ताण वेगळा, म्हणून चाल वेगळी," तो म्हणाला. "शेजारी शेजाऱ्याला घासतो. पुन्हा पुन्हा झटकलं, की तापतोही. हात लावून बघा."

तिने लावला. "हो… कोमट आहे."

"तो माझा हात आहे."

तिने काढला नाही — लगेच तरी नाही.

मग रोज संध्याकाळी ती येऊ लागली. पेड झटकायची, मोजायची, वहीत लिहायची.

"नुसती हलवतेस काय? चाक फिरव!" आत्या म्हणायची. तिने चाकही फिरवलं.

शनिवारी सरांनी तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी म्हणाले, "प्रत्येक रेषेची चाल वेगळी धरून सगळं पुन्हा करावं लागेल. वर्ष जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. विषय वाचला.

तिथून ती थेट गल्लीत आली. ऐकून दोरवाला आनंदला, मग काथ्या विंचरत उगाच खाली बघत राहिला.

"म्हणजे… आता इकडे यायचं कारण संपलं."

"ते संपलं. दुसरं आहे. तुम्ही मला आवडता."

चाक थांबलं. "अरे, बोल की ठोंब्या!" आत्या ओरडली.

"उद्या ये," तो कसाबसा म्हणाला. "परवाही ये… रोजच ये ना तू."

"येणार," ती म्हणाली. "चार वर्षं एका लाटेमागे घालवलीत मी. तुम्ही तर समोर आहात."